घाटात अर्ध्या मिनिटात पांढरी झालेली काच

गाडी सहा वर्षांची, छोटी हॅचबॅक. थंडीत पहाटे साडेपाचला पाच जण निघायचे: चालवणारे स्वतः, शेजारी त्यांची आई, मागे पत्नी आणि दोन मुलं. पहिला पाऊण तास सपाट रस्ता, मग घाट. तक्रार एकाच ओळीची होती: "एसी लावूनसुद्धा घाटात पुढची काच एकदम पांढरी होते, समोरचं काही दिसत नाही."

मी गाड्यांच्या एसीचं काम करतो. थंडीत काचेवर वाफ धरण्याच्या तक्रारी माझ्याकडे भरपूर येतात आणि बहुतेक फोनवरच मिटतात, कारण एसी बंद असतो आणि आतलीच हवा फिरवण्याचं बटण चालू असतं. या तक्रारीत मात्र एसी चालू होता, आणि 'एकदम' हा शब्द माझ्या मनात अडकून राहिला. श्वासाची वाफ हळूहळू धरते. आधी मागच्या आणि बाजूच्या काचा धूसर होतात, मग पुढच्या काचेचे कोपरे, मग मधला भाग. इथे चाळीस-पंचेचाळीस मिनिटं काच लख्ख असायची आणि मग अर्ध्या-एक मिनिटात सगळी झाकली जायची. ताशी 40 किलोमीटर वेगानं गाडी सेकंदाला 11 मीटर पुढे जाते. घाटातल्या वळणावर असं अर्धं मिनिट काय असतं ते चालवणाऱ्यालाच विचारावं. दुसऱ्यांदा असं झालं तेव्हा त्यांनी डोकं बाहेर काढून गाडी कडेला घेतली होती.

आधी त्यांनी ही गाडी एका गॅरेजमध्ये दाखवली होती. तिथे गॅस कमी असेल म्हणून गॅस भरून दिला. दुपारच्या उन्हात एसी गार हवा देतोय एवढं पाहिलं आणि गाडी परत केली. तक्रार जशीच्या तशी राहिली. त्या गॅरेजला मी फार दोष देणार नाही. दुपारी, एकटा माणूस बसून, सपाट रस्त्यावर ही तक्रार दिसणारच नव्हती.

मी अवजारांना हात लावण्याआधी प्रश्न विचारले. किती जण असतात? किती वेळानं होतं? पंखा कितीवर? हवा कुठे सोडलेली? आणि सगळ्यात महत्त्वाचं, धुकं काचेवर कुठून सुरू होतं?

"खालून," ते म्हणाले. "डॅशबोर्डच्या फटीतून हवा येते ना, तिथून पंख्यासारखं वर पसरत जातं."

या उत्तरानं निम्मं काम झालं. धुकं हवा लागते तिथून सुरू होत असेल तर ती ओल माणसांच्या श्वासातून थेट काचेवर येत नाही, डॅशबोर्डच्या आतून फेकली जाते. आत पाणी कुठेतरी साठलंय किंवा झिरपतंय.

आजींना मी सहज विचारलं, त्रास होतो का गाडीत. त्या म्हणाल्या, "बाबा, माझे पाय ओले-गार पडतात. मी याला कितीदा सांगितलं, पायाखाली दमट लागतंय म्हणून. हा म्हणतो थंडी आहे म्हणून वाटतं." धाकट्या मुलीनं आणखी एक गोष्ट सांगितली: वळणावर पुढून पाणी हिंदकळल्यासारखा आवाज येतो. घरातल्या दोन माणसांनी दोष अचूक सांगितला होता, पण तक्रार नोंदवताना कुणी त्याचा उल्लेख केला नव्हता. तेव्हापासून मी गाडी तपासताना रोज शेजारच्या सीटवर बसणाऱ्याला आवर्जून विचारतो.

थोडा हिशेब

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी वाचावा, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे.

हवेत वाफ किती मावते हे तिच्या तापमानावर ठरतं. 20 अंश सेल्सिअसला एका घनमीटर हवेत साधारण 17 ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात राहू शकतं. 10 अंशांना 9.4 ग्रॅम, 0 अंशांना फक्त 4.8 ग्रॅम. उबदार हवा गार काचेला टेकली की काचेलगतचा थर गार होतो, त्यात मावेनाशी झालेली वाफ थेंब होऊन बसते. ज्या तापमानाला हे सुरू होतं तो दवबिंदू. काच दवबिंदूपेक्षा गरम असेल तर ती स्वच्छ राहते, गार असेल तर धूसर होते. दुसरं काहीही नाही.

आता गाडीची खोली पाहा. छोट्या गाडीत साधारण तीन घनमीटर हवा असते. स्वस्थ बसलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला 40 ग्रॅमच्या आसपास पाणी हवेत सोडतो. पाच जणांचे झाले 200 ग्रॅम, म्हणजे मिनिटाला तीन ग्रॅमहून जास्त. काच 7 अंशांवर असेल तर तीन घनमीटर हवेत 23 ग्रॅमच्या पुढे पाणी गेलं की धुकं धरणार. बाहेरून गाडीत भरलेल्या हवेतच 18 ग्रॅम असतील, तर उरलेले पाच ग्रॅम दोन मिनिटांत भरतात. दारं-खिडक्या बंद, आतलीच हवा फिरतेय, एसी बंद अशा गाडीत पाच माणसं बसल्यावर काच धूसर झाली नाही तरच नवल.

बाहेरची थंड हवा दमट असते असा बहुतेकांचा समज आहे. त्वचेला तसं वाटतं हे खरं. पण 3 अंशांची हवा वाफेनं पूर्ण भरलेली असली तरी तिच्यात घनमीटरला सहा ग्रॅमपेक्षा कमी पाणी असतं. तीच हवा हीटरवर 22 अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता तीस टक्क्यांच्या आसपास येते. थंडीत बाहेरची हवा हे फुकट मिळणारं कोरडं वारं आहे, आणि आपण नेमकं तेच बटण दाबून अडवतो, कारण ते आत घेतलं की सुरुवातीला गार वाटतं.

एसीचं थंडीतलं काम गार करणं नव्हे, सुकवणं. पंख्याची हवा आधी कूलिंग कॉइलमधून जाते आणि मग हीटरच्या कॉइलवरून. कूलिंग कॉइल गोठू नये म्हणून ती शून्याच्या थोडी वर, तीन-चार अंशांवर ठेवलेली असते. हवेतली जादा वाफ तिथे पाणी होऊन गळते, सुकलेली हवा पुढे तापते आणि काचेवर जाते. म्हणून हीटर आणि एसी एकाच वेळी लावण्यात काहीही चूक नाही. अनेक गाड्यांत काच साफ करण्याचं बटण दाबलं की एसी, पूर्ण पंखा, बाहेरची हवा आणि गरम झोत हे सगळं आपोआप एकत्र सुरू होतं, ते याचसाठी.

गळलेल्या पाण्याचं पुढे काय होतं? कूलिंग कॉइलच्या पेटीच्या तळाला एक लहानसा ड्रेन पाइप असतो. पाणी त्यातून गाडीखाली रस्त्यावर पडतं.

संशय कुणावर होता

आतून ओल फेकली जाते म्हटल्यावर पहिला संशय हीटरच्या कॉइलवर घ्यावा लागतो. तिच्यातून कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, फिरतं; ती गळत असेल तर गरम कूलंटची वाफ थेट काचेवर येते आणि लक्षण अगदी असंच दिसतं. हा दोष जास्त गंभीर, कारण कूलंट संपत गेला तर इंजिन तापतं. म्हणून तोच आधी वगळायचा. कूलंटच्या टाकीवर मी खूण केली. त्यांना रोज सकाळी इंजिन गार असताना बघायला सांगितलं. दहा दिवसांत पातळी हलली नाही. कूलंटचा गोडसर वास नव्हता. काचेवर धरलेलं बोटानं पुसून पाहिलं तर साधं पाणी, चिकटपणा नाही. कूलिंग सिस्टिमला दाब देऊन ठेवला, काटा जागचा ढळला नाही. हीटर कॉइल सुटली.

मग एसी चालू ठेवून गाडी वीस मिनिटं उभी केली, मुद्दाम दुपारी, हवा उबदार आणि दमट असताना. अशा वेळी गाडीखाली पाण्याचे थेंब पडलेच पाहिजेत. मी वाकून पाहिलं. जमीन कोरडी ठणठणीत.

आजींच्या पायाखालची मॅट उचलली. मॅट वरून कोरडी होती. तिच्याखालचा गालिचा दाबला तेव्हा बोटांमधून पाणी आलं.

इथे कुणीही थांबून म्हणेल की सापडलं, ड्रेन तुंबलाय. खरं आहे, तुंबलाच होता. पण ड्रेन तुंबल्यानं चाळीस मिनिटं स्वच्छ असलेली काच अचानक का झाकली जाते, याचं उत्तर त्यात नाही. ड्रेन साफ करून गाडी दिली असती तर कदाचित तक्रार कमी झाली असती, आणि कारण न कळल्यामुळे पुढच्या हिवाळ्यात ती पुन्हा आली असती. म्हणून मी ड्रेनला हात न लावता त्यांना म्हटलं, उद्या पहाटे मी तुमच्याबरोबर येतो. आहे तसंच सगळं राहू द्या.

पहाटेची फेरी

सोबत तीन गोष्टी घेतल्या: हवेचं तापमान आणि दवबिंदू दाखवणारं लहान यंत्र, काचेचं तापमान लांबून मोजणारा थर्मामीटर, आणि गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारा स्कॅनर. मुलांपैकी एकाच्या जागी मी बसलो.

त्यांची सवय अशी: एसी चालू, आतलीच हवा फिरती, हीटर बेताचा, हवा पायांवर आणि काचेवर. आतली हवा फिरती का ठेवता, असं विचारलं. "बाहेरची घेतली की आईला गारठा लागतो. आणि एसी आहेच की सुकवायला." चुकीचं काही नव्हतं. एसी चालू असेपर्यंत ही व्यवस्था चालतेही.

सपाट रस्त्यावर बाहेर 8 अंश. झडपेतून येणाऱ्या हवेचा दवबिंदू 4 अंश, काच 9 अंश. काच दवबिंदूच्या पाच अंश वर, म्हणून स्वच्छ. कॉम्प्रेसर, म्हणजे एसीचा गॅस दाबून फिरवणारा पंप, चालू असल्याचं स्कॅनर दाखवत होता. पाच माणसांची वाफ कूलिंग कॉइलवर पाणी होऊन गळत होती. फक्त ते पाणी बाहेर न जाता पेटीतच साठत होतं.

घाट सुरू झाला. बाहेर 6, मग 5, मग 4. काच 7 अंशांवर आली. बाहेरचा आकडा 3 झाला तेव्हा स्कॅनरवर कॉम्प्रेसर बंद झाला. एसीच्या बटणावरचा दिवा मात्र तसाच पेटलेला. त्या गाडीत दिवा एवढंच सांगतो की चालकानं एसी मागितला आहे. कॉम्प्रेसर फिरतोय की नाही हे तो सांगत नाही.

मी यंत्राकडे पाहत होतो. दवबिंदू 4 वरून 6, 8, 10. एका मिनिटाच्या आत 11. काच अजून 7 वरच. आणि मग खालून, हवेच्या फटीपासून, पंख्याच्या आकारात पांढरं पसरत वर आलं. मागच्या सीटवर वहिनींनी मुलाचा हात घट्ट धरला. मी म्हटलं, "बाहेरची हवा घ्या." त्यांनी बटण दाबलं. दीड मिनिटात खालचा भाग साफ झाला, अडीच मिनिटांत सगळी काच.

घडलं ते असं. बाहेरचं तापमान मोजणारा सेन्सर पुढच्या बंपरमागे असतो. थंडी ठरावीक मर्यादेखाली गेली की गाडी कॉम्प्रेसर बंद करते. हा दोष नाही, रचनाच तशी आहे: फार थंडीत गॅसचा दाब पडतो, त्याच्याबरोबर फिरणारं तेल कॉम्प्रेसरकडे नीट परतत नाही आणि कूलिंग कॉइलवर बर्फ धरण्याचा धोका असतो. मर्यादा गाडीगणिक वेगळी असते. या गाडीत ती तीन अंशांवर होती. कॉम्प्रेसर थांबला, पण पंखा थांबला नाही. बावीस अंशांची उबदार हवा ओल्या कॉइलवरून आणि साचलेल्या पाण्यावरून फिरत राहिली. गार असताना पाणी ओढून घेणारी कॉइल आता तेच पाणी हवेला परत देऊ लागली. सुकवणारं यंत्र एका क्षणात ओलावा देणारं झालं. पाऊण तासात पाच जणांनी श्वासातून सोडलेलं आणि आधीच्या फेऱ्यांचं साठलेलं पाणी मिनिटाभरात काचेवर आलं.

बाहेरची हवा घेताच काच का साफ झाली? कॉइल तेव्हाही ओलीच होती. पण तीन अंशांची हवा त्या पाण्यातलं फारसं उचलूच शकत नाही. ती कितीही ओली झाली तरी तिचा दवबिंदू तीन अंशांच्या आसपासच राहतो, आणि काच सात अंशांवर होती. हा आकडा मी त्यांना यंत्रावर दाखवला. माझ्या बोलण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त झाला.

काय केलं

ड्रेनचा रबरी तुकडा गाडीखालून काढला तेव्हा साधारण पाऊण लिटर पाणी आलं, काळपट, कुजक्या पानांच्या वासाचं. मागोमाग चिखलाची गोळी. पाइपमध्ये कडक तार घालू नये, ती कॉइलच्या पत्र्यांपर्यंत जाऊन भोक पाडू शकते. मऊ नायलॉनची दोरी आणि हलकी हवा पुरते.

चिखल आला कुठून, हेही शोधायला हवं होतं. केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारी जाळी, बाहेर काढला तर फिल्टर एका बाजूनं दुमडून बसवलेला. त्या फटीतून वर्षभर धूळ आणि पानांचा चुरा कॉइलवर गेला आणि पाण्याबरोबर धुऊन ड्रेनमध्ये बसला. पुढच्या काचेखाली, बॉनेटच्या मागच्या कडेला जिथून बाहेरची हवा आत येते तिथेही पानं साचली होती. ती काढली, कॉइल धुतली, नवा फिल्टर बाणाची दिशा बघून बसवला.

सगळ्यात जास्त वेळ गालिच्यानं घेतला. त्याखालचा जाड नमदा लिटरभर पाणी सहज धरून ठेवतो आणि वरून कोरडा दिसतो. तो तसाच सोडला असता तर एसी आणि ड्रेन दुरुस्त होऊनही गाडीत ओल राहिलीच असती. पुढची सीट काढली, नमदा उचलून दोन दिवस पंख्यासमोर वाळवला. काच आतून दोनदा पुसली, कारण डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून उडालेला तेलकट थर काचेवर बसलेला असतो आणि त्यावर वाफ लवकर आणि जाड धरते. हातानं काच पुसण्याची सवय सोडा, हेही सांगितलं. बोटांचं तेल तिथेच राहतं.

शांपूचं किंवा दाढीच्या साबणाचं बोट काचेवर फिरवण्याचा उपाय त्यांनी विचारला. त्यानं थेंबांऐवजी पाण्याचा पातळ पडदा होतो, म्हणून दिसतं बरं. पण पाणी गाडीतच राहतं आणि रात्री समोरच्या दिव्यांचा प्रकाश त्या पडद्यावर फुटतो. मी तो सुचवत नाही.

एक मागणी मी स्पष्ट नाकारली. ते म्हणाले, त्या सेन्सरला फसवून कॉम्प्रेसर चालूच ठेवता येईल का? करता येतं. पण ज्या कारणांसाठी कंपनीनं तो बंद ठेवला आहे ती कारणं कुठे जात नाहीत. तीन अंशांच्या थंडीत त्याची गरजही नाही, बाहेरची कोरडी हवा तेच काम करते.

सवय मात्र बदलावी लागली. निघताना पहिली पाच मिनिटं हवी तर आतली हवा फिरवा, इंजिन तापेपर्यंत. मग बाहेरची हवा घ्या आणि घाट संपेपर्यंत ती बंद करू नका. आजींसाठी हीटर थोडा वाढवा, हवा पाय आणि काच दोन्हीकडे सोडा. घरी पोचायच्या पाच मिनिटं आधी एसी बंद करून बाहेरच्या हवेवर पंखा चालू ठेवा, म्हणजे कॉइल वाळते. बाहेरची हवा आत घ्यायची तर आतली बाहेर पडायला वाटही लागते. मागच्या बंपरच्या आत हवा सोडणाऱ्या झडपा असतात आणि सामान ठासून भरलं की तिकडे जाणारा मार्ग अडतो. त्यांच्या डिकीत बाजूला कोंबलेली जुनी चादर होती, ती काढली.

पावसाळ्यात उकाडा असताना होतं ते उलटं, हेही सांगून ठेवलं. एसीनं काच गार पडते आणि बाहेरची दमट हवा तिच्यावर बाहेरून वाफ धरते. तेव्हा वायपर फिरवायचा आणि काचेवरचा गार झोत काढायचा. धुकं आत आहे की बाहेर, हे बोट फिरवून पाहिल्याशिवाय कुठलंही बटण दाबू नये.

तीन आठवड्यांत त्यांनी तोच घाट चार वेळा पार केला. एका पहाटे वर 1 अंश होता. काच स्वच्छ राहिली, फक्त मागच्या बाजूच्या काचांना कडेनं थोडी वाफ धरली, ती पाच जणांत धरणारच. आजींनी फोन घेऊन सांगितलं की पाय कोरडे आहेत.

उन्हं वाढली तेव्हा एका दुपारी त्यांचाच पुन्हा फोन आला, आवाजात काळजी: गाडी उभी केल्यावर खाली पाण्याचं थारोळं दिसतंय, काही गळतंय का? मी त्यांना त्यात बोट बुडवून बघायला सांगितलं. रंग नाही, वास नाही, चिकट नाही. आजींच्या बाजूलाच, पुढच्या चाकाच्या थोडं मागे. ड्रेन चालू होता.